एकच तर पान आहे!

पाटीपेन्सिल
दवाखान्यातून घरी जाताना रुग्णाच्या हातात जी माहितीपत्रकं देतात, ती मराठीत लिहिणं हे माझं काम. एक पान, मोठा टाइप, दीडशेच्या आत शब्द. परवा एका ठिकाणी दर सांगितला, तर तिथले गृहस्थ कागद उलटापालटा करून बघत म्हणाले, "अहो मॅडम, एकच तर पान आहे! आमच्या डॉक्टरांनी इंग्रजीत चार पानं लिहून दिली, त्यांनी काही मागितलं नाही."

आता ह्यांना कसं सांगायचं, की चार पानं होती तोवर काम सोपंच होतं!

नमुना बघा. थायरॉइडची गोळी, "रिकाम्या पोटी घ्यावी." कागदावर ह्यात अवघड काहीच नाही. ओपीडीबाहेरच्या बाकावर विचारलं, तर एका आजींच्या हिशेबात चहा म्हणजे पोटात काही जाणं नव्हेच, चहाबरोबर खारी घेतली तर धरायचं. शेजारच्या काकांना नुसत्या गोळीने आग पडते, म्हणून ते आधी अर्धी भाकरी खातात आणि मग ही रिकाम्या पोटाची गोळी घेतात. "तिन्ही जेवणांनंतर" लिहिलं, तर दोनदाच जेवणाऱ्यांनी काय करायचं? आणि चतुर्थीला? "इन्सुलिन फ्रीजमध्ये ठेवा" वाचून ते बर्फाच्या कप्प्यात ठेवणारेही भेटतात. एकदा गोठलं की ते वाया.

शेवटी थायरॉइडचं असं छापलं: "सकाळी उठल्यावर आधी ही गोळी. साध्या पाण्याबरोबर. चहा-नाश्ता अर्ध्या तासानंतर." तीन ओळी. बघणाऱ्याला वाटतं, ह्यात काय, कुणीही लिहील.

तर मंडळी, जे काम नीट झालं की दिसेनासंच होतं, त्याचे पैसे मागायचे कसे? आणि तुमच्या धंद्यात, घरात असं काय आहे?

रोमात_होतो
धागा पटला. आमच्याकडे परिपत्रकाची सुरुवातच "उपरोक्त संदर्भीय विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की" अशी होते. हे लिहायला डोकं लागत नाही, बोटं आपोआप चालतात. एकदा एका नव्या मुलीने थेट "सोमवारी पाणी येणार नाही" एवढंच लिहून सहीला पाठवलं. परत आलं. शेरा: "मसुदा अपूर्ण."

कट्टेकरी
खिक्! मसुदा अपूर्ण =))

सोलापुरी_ठसका
भाकरी. दुसरं काय सांगणार.

जिन्नस मोजा: ज्वारीचं पीठ, पाणी. मीठसुद्धा घालत नाहीत बरेच जण. तेल नाही, लाटणं नाही. गव्हाच्या कणकेला स्वतःचा चिवटपणा असतो, तिला कसंही ओढा. ज्वारीत ते ग्लूटेन नसतंच, त्यामुळे जे धरून ठेवायचं ते तुमच्या हातानेच. म्हणून आधणाचं पाणी घालायचं, म्हणजे पिठातला स्टार्च चिकट होतो, मग तळहाताच्या कडेने रगडून मळायचं. एका वेळी एकाच भाकरीचं, कारण मळलेला गोळा ठेवला की चिरा पडतात. परातीत पीठ भुरभुरून थापताना भाकरी आपसूक फिरली पाहिजे. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी पुरतं सुकायच्या आत उलटायची. उशीर झाला की तडकते, घाई केली की तव्याला चिकटते. शेवटी आरावर धरली की टम्म.

आणि हे सगळं पीठ ताजं असेल तर. विरी गेलेल्या पिठाची भाकरी अन्नपूर्णेलाही यायची नाही. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी मिळाली तर सोनं.

आमच्या आत्याला विचारा, "कशी करतेस गं?" उत्तर: "काय करायचंय त्यात, थापायची न् टाकायची."

नीरेकाठी
आत्यांना दंडवत. पण कोल्हापूरकडे येऊन बघा, पातळ भाकरी म्हणजे काय ते कळेल.

सोलापुरी_ठसका
पातळच हवी तर मांडे खा की.

तळकोकणी
तांदळाच्या भाकरीचं नावच नाही कुठे. निषेध.

बोरूबहाद्दर
धागा भाकरीवर गेला. कुणीतरी आता मार्क ट्वेनचं ते "पत्र लांबलं, छोटं लिहायला वेळ नव्हता" टाका, म्हणजे आपण सुटलो.

गणिती_गुरुजी
ते ट्वेनचं नाही, पास्कलचं. 1656 सालच्या एका पत्रातलं. गणिती माणूस होता, हे मुद्दाम नोंदवतो.

डॉ_रानवाट
पाटीपेन्सिल ताई, तुमच्या विषयातलंच एक मोठं उदाहरण देतो. प्रतिसाद लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

एक लिटर स्वच्छ पाणी, चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. जलसंजीवनी. शाळेच्या भिंतीवर रंगवलेली असायची. ह्याच्याइतका साधा उपचार वैद्यकात क्वचितच असेल.

आता मागचं बघा. जुलाबात पाणी जातं, मग पाणी पाजा, इतकं सरळ ते नाही. नुसतं पाणी आतड्यात पुरेसं शोषलं जात नाही, मीठ-पाणीही नाही. सोडियम आणि ग्लुकोज आतड्याच्या पेशीत जोडीने शिरतात आणि त्यांच्यामागून पाणी जातं. हा जोडीचा प्रकार रॉबर्ट क्रेन ह्यांनी 1960 मध्ये मांडला. पटकीतही (म्हणजे कॉलऱ्यातही) हा रस्ता चालू राहतो, ही त्यातली गोम. साखर चवीला किंवा 'ताकदीला' नसते, ती मिठाला आत नेण्यासाठी असते. तरी अनेक वर्षं मोठमोठ्या डॉक्टरांना हे फार किरकोळ वाटे. शिरेतून सलाइन हा खरा उपचार, हे काय, सरबत!

1971 मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली. डॉ. दिलीप महालनबीस तिथे होते. रुग्ण जमिनीवर ओळीने पडलेले आणि सलाइन संपत आलेलं. त्यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा ह्यांच्या पुड्या कोलकात्यात भरून घेतल्या, पिंपात द्रावण केलं आणि पाजण्याचं काम नातेवाइकांवर सोपवलं. छावणीतला मृत्युदर सुमारे 30 टक्क्यांवरून 3.6 टक्क्यांवर आला. 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकाने 1978 मध्ये सोडियम-ग्लुकोजच्या जोडीच्या शोधाला शतकातली कदाचित सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटलं. महालनबीस 2022 मध्ये गेले, पद्मविभूषण मिळालं ते 2023 मध्ये, मरणोत्तर.

पुढचा भाग तुमच्या कामाशी जास्त जुळतो. पुडी नसेल तिथे काय? बांगलादेशातल्या 'ब्रॅक' संस्थेने 1980 ते 1990 ह्या दहा वर्षांत बायकांच्या तुकड्या करून साधारण सव्वा कोटी घरांत आयांना हे शिकवलं. चमचा प्रत्येक घरी वेगळा, म्हणून माप हाताचं: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. प्रत्येक आईने समोर करून दाखवायचं. नंतर दुसरी माणसं काही घरं निवडून जायची, त्या आईला पुन्हा विचारायची, पुन्हा करायला लावायची, नमुना प्रयोगशाळेत तपासायची. आणि शिकवणारीचा पगार ठरायचा तो आईच्या लक्षात किती राहिलं त्यावर!

पाटीपेन्सिल
डॉक्टर, हे शेवटचं वाक्य मी कोटेशनच्या खाली टाकते. "लेखिकेचे मानधन रुग्णाच्या स्मरणशक्तीनुसार." उपाशी मरेन, पण तत्त्व पटलं.

"सपाट चमचा" ह्यावर मात्र माझी बाकावर खूप डोकेफोड झालीय. सपाट म्हटलं की लोकांना खोलगट नसलेला चमचा वाटतो. "बोटाने वरचं पाडून टाका" असं लिहिल्यावर मग कळतं.

डॉ_रानवाट
अगदी! आणि इथे चूक परवडत नाही. मीठ जास्त झालं तर लहान मुलाला अपाय होतो. म्हणून आम्ही सांगतो, आधी स्वतः चाखा, आसवांपेक्षा खारट लागलं तर ओतून द्या, नव्याने करा. पुडी मिळत असेल तर पुडीच वापरा, आणि सगळी पुडी एकदम, तिच्यावर लिहिलंय तेवढ्या पाण्यात. चिमूटभर पेल्यात टाकून बाकीची उद्याला ठेवतात.

कलम_करार
सगळे साधेपणाची आरती ओवाळताहेत, मी जरा विरोधी सूर लावतो. वकिली करतो.

भाडेकरारात मी लिहितो, तेव्हा एका दुरुस्तीच्या कलमाला अर्धं पान जातं. पक्षकार म्हणतात, "साहेब, सोपं लिहा ना, मोठी दुरुस्ती मालकाची, छोटी भाडेकरूची." लिहितो! पुढच्या पावसाळ्यात बाथरूममधून खालच्यांच्या छतावर पाणी उतरलं की ही छोटी का मोठी, ह्यावर दोघं माझ्याच टेबलाशी भांडतात. सोप्या वाक्याने गुंता सुटला नाही, तो फक्त करारातून उचलून कोर्टात नेऊन ठेवला. तुमच्या त्या तीन ओळींतही, चहा अर्ध्या तासाने की तासाने, हे कुणीतरी ठरवून मोकळं झालंच ना?

पाटीपेन्सिल
ठरवून मोकळं होता आलं असतं तर काय हवं होतं! अर्धा तास की एक तास, ह्यावर दोन डॉक्टरांची मतं वेगळी पडली. एक तास उत्तम, हे दोघांनाही मान्य. पण पहाटे कामाला निघणारी बाई चहाशिवाय तासभर थांबत नाही, ती गोळीच सोडून देते. म्हणून अर्धा. ही दोन अक्षरं ठरायला बैठक झाली. शिवाय एकाला दुष्परिणामांची पूर्ण यादी हवी होती, दुसऱ्याला आहाराचं वेळापत्रक, औषधशास्त्राच्या मॅडमना ही गोळी आणि लोह-कॅल्शियमच्या गोळ्या ह्यांत चार तासांचं अंतर हवं होतं. गंमत म्हणजे प्रत्येकाचं बरोबरच होतं. नको ते काढायला कुणालाही येतं हो. इथे हवं असलेलंच काढायचं होतं. चार तासांचं अंतर ठेवलं, बाकीचं दुसऱ्या भेटीच्या कागदावर गेलं.

करारातला गुंता कोर्टात जातो, हे मान्य. माझ्याकडचा गुंता आजारी माणसाच्या स्वयंपाकघरात जातो, एवढाच फरक.

कलम_करार
ह्यावर युक्तिवाद नाही. तारीख मागून घेतो.

ओळंबा
बांधकामातलं सांगतो. लोकांना वाटतं, साधं घर म्हणजे स्वस्त आणि पटकन होणारं. भिंत जमिनीला मिळते तिथे आपण स्कर्टिंगची पट्टी मारतो ना, ती शोभेला नसते. भिंत आणि फरशी कधीच नीट जुळत नाहीत, ती फट झाकायला असते. दाराच्या चौकटीभोवतीची पट्टीही तशीच. "आम्हाला पट्टीबिट्टी नको, एकदम साधं हवं" म्हणणारं गिऱ्हाईक आलं की गवंडी आणि सुतार दोघांच्या पोटात गोळा येतो. आता प्रत्येक रेघ खरीच सरळ यायला हवी.

उघड्या विटांच्या भिंतीचंही तेच. प्लास्टर सगळं पोटात घेतं. ते काढलं की प्रत्येक वीट निवडून लावायची, दरजा सारख्या भरायच्या, रोजच्या रोज भिंत पुसायची, नाहीतर सिमेंटचे ओघळ कायमचे. वास्तुविशारद लॉरी बेकर ह्यांची तिरुवनंतपुरमची सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजची इमारत जमलं तर बघून या. त्यांनी 'रॅट ट्रॅप' बांधणी रुळवली. विटा आडव्या निजवण्याऐवजी कडेवर उभ्या लावायच्या, मध्ये पोकळी राहते, विटा साधारण चौथा हिस्सा कमी लागतात आणि भिंत कमी तापते. खर्च वाचतो तो मालात. गवंड्याला शिकवायला आणि त्याच्या शेजारी उभं राहायला जो वेळ जातो, तो कोणत्याही एस्टिमेटमध्ये कुठल्याच रकान्यात बसत नाही.

पेठेतली
पण हल्ली पांढऱ्या भिंती, एक कुंडी आणि रिकामं टेबल असे फ्लॅट दिसतात, त्याला 'साधी राहणी' म्हणतात तेव्हा हसू येतं. पसारा गेला कुठे? कपाटाच्या दारामागे. आणि तो रोज आवरायला मावशी येतात.

ओळंबा
सहमत. ती कपाटंही मीच करून देतो. हप्ते चालू आहेत, बोलू नका.

खर्जातला_सा
तंबोऱ्याचा विषय कुणी काढला नाही म्हणून लिहिते. चार तारा, त्याही मोकळ्या छेडायच्या. सूर दाबायचा नाही, ताल नाही. मैफलीत मागे बसलेल्या मुलीकडे बघून लोकांना वाटतं, हिला काय काम आहे!

मिरजेत तंबोरा तयार होताना बघितला आहे. भोपळा वाळवून निवडण्यापासून सगळं वेळखाऊ, पण खरी कसोटी शेवटी, जवारी काढताना. तार ज्या घोडीवरून जाते ती वरून सपाट दिसते, पण तिला अगदी सूक्ष्म उतार असतो. कारागीर तार उचलतो, कानशीने एखाददोनदा घासतो, तार परत ठेवतो, छेडतो, ऐकतो. पुन्हा उचलतो. घासलेलं परत जोडता येत नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी हात राखून. मग तारेखाली सुताचा धागा सरकवायचा, तो केसभर पुढेमागे केला की बंद आवाज एकदम खुलतो आणि तारेत दडलेले वरचे सूर गुंजायला लागतात. हे मोजायचं कुठलंच यंत्र त्याच्यासमोर नव्हतं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंद आहेच.

गाणाऱ्याचंही तसंच. आमच्या गुरुजींकडे पहाटे नुसता मंद्र षड्ज, म्हणजे खालचा सा, लावायचा. पलटे नाहीत, तान नाही. नवीन मुलं पहिल्याच पावसाळ्यात पळायची. ज्यांना भराभर ताना यायच्या ती आधी पळायची, हे विशेष.

कट्टेकरी
जवारी वाचून मला वाटलं, परत भाकरी.

सोलापुरी_ठसका
मलाही. आनंदाने धावत आलो होतो.

शून्यवादी
मला हे सगळं जरा भाबडं वाटतंय. कष्ट केले म्हणून साधेपणा येतो असं थोडंच आहे? कितीतरी लोक वर्षानुवर्षं घासतात आणि गुंताच वाढवतात. आणि काहींना पहिल्या फटक्यात साधं सुचतं. तेव्हा 'साधेपणामागे तपश्चर्या' हे जरा आपल्या संस्कृतीला आवडणारं पालुपद आहे.

वर्धेकर
शून्यवादी, निम्मं मान्य. पण पहिल्या फटक्याच्या आधी किती काळ गेला तेही बघावं लागतं. विनोबांच्या आईला गीता वाचायची होती, संस्कृत येईना आणि मराठी भाषांतरं जड वाटली, तेव्हा ती म्हणाली, तूच का करत नाहीस. ती 1918 मध्ये गेली. 'गीताई' त्यांनी लिहायला घेतली 7 ऑक्टोबर 1930 ला आणि संपवली 6 फेब्रुवारी 1931 ला. म्हणजे काम चार महिन्यांचं. मधली बारा वर्षं कशात धरायची? त्यात गीता शिकणं-शिकवणं अखंड चालू होतं. श्लोकाला श्लोक आणि तरी ओठांवर बसणारं मराठी, हे चार महिन्यांत झालं म्हणा किंवा बारा वर्षांत.

वर्ध्याच्या गोपुरीला गीताई मंदिर आहे, छप्पर नसलेलं. दगडांवर श्लोक कोरलेत. आमच्या घरी येणारे पाहुणे तिथे जाऊन विचारतात, "मंदिर कुठंय?"

शून्यवादी
पाहुणे माझ्याच पंथाचे दिसतात. बारा वर्षांचा मुद्दा घेतला.

कोडवाला
ताई, मूळ प्रश्नाकडे येतो. दोन डझन प्रतिसाद होत आले, पैशांवर कुणी बोललंच नाही.

तुम्ही पानाचा दर सांगता, तिथेच घोटाळा आहे. 'पान' हे एकक आलं की समोरचा पानंच मोजणार. आम्हीही आधी स्क्रीनप्रमाणे दर लावायचो, आणि चार स्क्रीनचं काम एका बटणावर आणलं की बिल चौपट कमी व्हायचं! आता टप्पे लिहितो: मूळ मजकूर वाचणं, वापरणाऱ्यांशी बोलणं, मसुदा, लोकांपुढे ठेवून तपासणं, दुरुस्ती. प्रत्येकाला वेगळी रक्कम. ज्याला तपासणी नको त्याने ती ओळ काटावी, पण आपल्या हाताने काटावी. बहुतेकांचा हात अडतो.

नीरेकाठी
आणि बाकावरचा व्हिडिओ दाखवा. ते भाकरीवाले काका. (परवानगी घेऊन.)

पाटीपेन्सिल
कोडवाला, खूप आभार, तसंच केलं. व्हिडिओ नाही दाखवला, पण मूळ चार पानं त्याच गृहस्थांच्या हातात दिली आणि विचारलं, "ह्यात गोळी कधी घ्यायची लिहिलंय, सांगता?" त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. सापडलं तिसऱ्या पानावर, कंसात.

टप्प्यांचं कोटेशन मंजूर झालं! तपासणीची ओळसुद्धा नाही काटली.

फक्त एक अट आहे. कागदाची मागची बाजू कोरी राहतेय, ती वाया का घालवायची? तिथे संचालकांचं मनोगत येणार, फोटोसकट.

कट्टेकरी
किती शब्द?

पाटीपेन्सिल
तीनशे.

बोरूबहाद्दर
त्याचं मानधन वेगळं लावा!

पाटीपेन्सिल
नाही ना. ते साहेब स्वतःच लिहिणार आहेत, दुपारच्या चहापर्यंत होईल म्हणाले.